चुळबुळ्या फिलिप व आभाळाकडे पाहणारा हान्स

वाङ्मयांतील पात्रांची नाडी पाहण्याचा छंद वैद्यकांतील विद्वानांस फार दिवसांचा आहे. हॅम्लेटच्या विषण्णतेचें निदान आजवर इतक्यांनीं केलें आहे कीं, बिचाऱ्या राजपुत्रास औषधाचा एक घोटही कोणी पाजला नाहीं याचेंच आश्चर्य वाटावें. हा छंद सर्वस्वीं निरुपद्रवी असता तर आम्हीं त्याकडे केवळ कौतुकानें पाहिलें असतें. परंतु एका जर्मन बालगीताच्या बाबतींत तो तसा राहिलेला नाहीं. ज्या विकारास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ए. डी. एच. डी.’ म्हणतात, आणि मराठींत ज्यास अवधानन्यूनता व अतिचंचलता असें लांबलचक नांव देण्यांत येतें, त्याचा इतिहास सांगावयास बसलेला लेखक बहुधा या गीताकडे बोट दाखविल्यावांचून पुढें सरकत नाहीं. तेथून तें गीत आईबापांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत उतरलें, आणि गीतांतला मुलगा व आपल्या घरांतला मुलगा एकच, असें मानण्याचा मोह सुशिक्षित वाचकांसही होऊं लागला. आम्ही वैद्य नव्हों; औषधाच्या मात्रेविषयीं बोलण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु समोरचा मजकूर कसा वाचावा, हें शिकविण्यांत आमचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं आहेत, आणि मुलाचें निदान हेंही एक प्रकारचें वाचनच आहे. तें नीट झालें नाहीं तर त्याची किंमत मुलाला मोजावी लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

हाइनरिख होफमन हा फ्रँकफुर्ट येथील डॉक्टर. १८४४ च्या नाताळासाठीं आपल्या तीन वर्षांच्या मुलास चित्रांचें एखादें पुस्तक आणावें म्हणून तो बाजारांत गेला. उपदेशानें ओथंबलेल्या लांबलचक गोष्टींपलीकडे त्यास तेथें कांहीं मिळेना. तेव्हां एक कोरी वही विकत घेऊन तो घरीं परतला, आणि त्यानें स्वतःच चित्रें काढून त्यांखालीं गीतें रचिलीं. १८४५ सालीं तें पुस्तक छापून निघालें. पुढील आवृत्त्यांत त्यांत कांहीं नव्या गीतांची भर पडली, आणि ‘स्ट्रुव्वेलपेटर’, म्हणजे झिंज्या वाढलेला पेटर, या नांवानें तें जगभर गेलें. मार्क ट्वेनसारख्या लेखकास त्याचें इंग्रजी रूपांतर करण्याचा मोह आवरला नाहीं. १८५१ पासून होफमन फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला, आणि या एका गोष्टीनें पुढच्या अभ्यासकांची मोठीच सोय केली. ग्रंथकार मनोविकारांचा वैद्य, अर्थात् त्यानें रंगविलेला मुलगा हा त्यानें तपासलेला रुग्ण, असा हा तर्क आहे. गीतें आधीं रचलीं गेलीं आणि रुग्णालय मागाहून आलें, ही साधी कालगणना मात्र पुष्कळांच्या नजरेंतून निसटते.

आतां तें गीतच पाहूं. प्रसंग जेवणाच्या टेबलाशीं घडतो. आज तरी फिलिप स्वस्थ बसतो कीं नाहीं तें पाहावें, अशा अर्थाचें कांहींतरी बाप करड्या आवाजांत बोलतो. आई बोलतच नाहीं. ती टेबलावरून नुसती नजर फिरविते. फिलिप चुळबुळ करतो, पाय हलवितो, खुर्ची पुढें-मागें झुलवूं लागतो. शेवटीं तोल जातो, आधारासाठीं तो टेबलावरचें वस्त्र धरतो, आणि ताटें, बाटली, सूपचें भांडें, सारें कांहीं त्याच्यासह जमिनीवर येतें. चिरंजीव वस्त्राखालीं गडप होतात. आईबापांपुढें रिकामें टेबल उरतें आणि खावयास कांहीं राहत नाहीं.

गीत मजेदार आहे. पण त्यांतून फिलिपविषयीं आपणांस कळतें तें काय? एका जेवणाची हकीकत. ‘आज तरी’ या ध्वनीवरून असे प्रसंग पूर्वीं झाले असावेत, एवढें अनुमान फार तर काढतां येईल. हा मुलगा शाळेंत कसा वागतो, खेळांत आपली पाळी येईपर्यंत थांबतो कीं नाहीं, रात्रीं त्यास झोप पुरेशी लागते कीं नाहीं, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर गीतांत नाहीं, कारण कवीला त्याची गरजच नव्हती. आमच्या मतें त्या गीताचा खरा विषय फिलिप नसून टेबल हा आहे. एक वडील माणूस नुसता हुकूम करतो, दुसरें नुसतें पाहतें, आणि खुर्ची डुलत असतां दोघांपैकीं कोणीही उठून तिच्याजवळ जात नाहीं. गीताची गंमत आहे ती या तिघांच्या जुळणींत. शिवाय ज्या आवृत्तीनें या पुस्तकाचा जन्म झाला तिच्या शीर्षकांतच हें पुस्तक ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीं आहे असें स्पष्ट छापलेलें होतें. चार वर्षांच्या पोरानें सूप येईपर्यंत समईसारखें निश्चल बसावें, अशी अपेक्षा ज्यास करावयाची असेल त्यानें ती खुशाल करावी. पण ती पुरी न झाल्यास तिला रोगाचें नांव देऊं नये.

गीताकडून आपण आतां दुसऱ्या एका मजकुराकडे वळूं. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें मानसिक विकारांच्या निदानासाठीं जो ग्रंथ तयार केला आहे, त्याची पांचवी आवृत्ति २०१३ सालीं निघाली. या विकारापुरतीं तींत अठरा वाक्यें आहेत: नऊ अवधानाच्या उणिवेविषयीं, नऊ चंचलता व उतावळेपणा यांविषयीं. दोहोंपैकीं कोणत्याही एका गटांतील निदान सहा लक्षणें मुलांत निदान सहा महिने दिसलीं पाहिजेत. त्यांपैकीं कित्येक वयाच्या १२ वर्षांपूर्वींच दिसूं लागलेलीं असलीं पाहिजेत. तीं घर आणि शाळा यांसारख्या दोन किंवा अधिक ठिकाणीं आढळलीं पाहिजेत. त्यांच्यामुळें मुलाच्या रोजच्या व्यवहारांत खरोखरीचा अडथळा आलेला असला पाहिजे. आणि दुसऱ्या एखाद्या कारणानें त्यांची अधिक चांगली उपपत्ति लागतां कामा नये. रक्ताची अशी कोणतीही तपासणी नाहीं किंवा मेंदूचें असें कोणतेंही चित्र नाहीं कीं जें पाहून एखाद्या मुलास हा विकार आहे किंवा नाहीं हें सांगतां येईल. जें कांहीं आहे तें या वाक्यांच्या वाचनांत आहे. या कसोटीवर फिलिप पहिल्या पायरीवरच गळतो. जे अभ्यासक हा ग्रंथ प्रमाण मानतात त्यांच्यापैकींच कांहींनीं एका टेबलावरून व एका जेवणावरून त्यास रुग्ण ठरवावें, हें आम्हांस नवलाचें वाटतें.

परंतु हा ग्रंथ तरी कसा लिहिला आहे? आम्हीं तीं अठरा वाक्यें, विद्यार्थ्यांकडून एखादें कडवें वाचवून घ्यावें तशीं, एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलीं. एका ठिकाणीं मुलाच्या आंत जणूं यंत्र बसविलें असावें अशी कल्पना केलेली आहे. ‘जणूं’ आला कीं आमचे अलंकारशास्त्रज्ञ त्यास उत्प्रेक्षा म्हणतात, आणि वैद्यकाच्या ग्रंथांत ती भेटल्यानें आम्हांस थोडा आनंदच झाला. पण सर्वांत महत्त्वाचा शब्द तो नव्हे. अठराही वाक्यांत एक साधें क्रियाविशेषण आहे, आणि तें म्हणजे ‘वारंवार’. वारंवार वस्तु हरवितो, वारंवार उठून जातो, वारंवार मध्येंच बोलतो. हा शब्द काढून टाका, आणि उरतें तें जगांतील यच्चयावत् बालकांचें वर्णन. तेव्हां सारा भार या एका शब्दावर आहे. आणि वारंवार म्हणजे किती वेळां, कोणाच्या तुलनेनें, व मोजणारा कोण, हें तो शब्द स्वतः सांगत नाहीं. ग्रंथकारांस याची जाणीव नव्हती असें नाहीं. मुलाच्या वाढीच्या मानानें जें विसंगत असेल तेंच धरावें, असें त्यांनीं बजावून ठेविलें आहे. पण हातांत प्रश्नावलीचा कागद आणि समोर पन्नास-साठ मुलांचा वर्ग असला म्हणजे शिक्षक तुलना करतो ती वर्गांतल्या शेजारच्या बाकाशीं.

या तुलनेंतून काय घडतें हें दाखविणारे दोन पुरावे आम्हांस फार बोलके वाटतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत शाळाप्रवेशाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला संपते. म्हणजे डिसेंबरांत जन्मलेलें मूल वर्गांत सर्वांत लहान, आणि जानेवारींत जन्मलेलें सर्वांत मोठें. तेथील सुमारें ९ लक्ष ३८ हजार मुलांच्या नोंदी तपासून २०१२ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत जानेवारींत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षां डिसेंबरांत जन्मलेल्या मुलग्यांस या विकाराचें निदान होण्याचा संभव ३० टक्क्यांनीं अधिक, आणि मुलींच्या बाबतींत ७० टक्क्यांनीं अधिक आढळला. अमेरिकेंतील ज्या राज्यांत ही मर्यादा १ सप्टेंबर आहे तेथें, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाप्रमाणें, ऑगस्टांत जन्मलेल्या दर १०,००० मुलांत ८५.१ मुलांस हें निदान झालें होतें, तर सप्टेंबरांत जन्मलेल्यांत ६३.६ मुलांस. ऑगस्टची एकतीस तारीख आणि सप्टेंबरची पहिली यांत एका रात्रीचें अंतर. पण त्या रात्रीमुळें एक मूल आपल्याहून जवळजवळ वर्षानें मोठ्या मुलांच्या पंक्तीस बसतें आणि दुसरें आपल्याहून लहानांच्या. सहाव्या वर्षीं एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. मेंदूचा विकार दाखल्यावरची तारीख पाहून येत नाहीं. तेव्हां या फरकापुरतें तरी असें म्हणावें लागतें कीं वाचणाऱ्यानें विकार वाचला नाहीं, वय वाचलें.

एवढें सांगितल्यावर कांहीं वाचक आनंदित होतील हें आम्ही जाणतों. ‘आम्हीं म्हटलेंच होतें; हीं सारीं अमेरिकेचीं थेरें; आमच्या लहानपणीं असले रोग नव्हते, एक छडी पुरे होत असे,’ असा सूर आपल्या दिवाणखान्यांतून हल्लीं पुष्कळ ऐकूं येतो. त्या आनंदांत आम्हांस सहभागी होतां येत नाहीं. एक तर रोग नवा नाहीं. अलेक्झांडर क्राइटन नांवाच्या स्कॉटिश वैद्यानें १७९८ च्या आपल्या ग्रंथांत एका विषयावर मन स्थिर ठेवतां न येण्याच्या प्रकृतीचें वर्णन केलें आहे, आणि ती वयाबरोबर बहुधा कमी होते असेंही नमूद केलें आहे. १९०२ सालीं लंडनच्या वैद्यविद्यालयांत जॉर्ज स्टिल यानें जीं व्याख्यानें दिलीं, त्यांत बुद्धि शाबूत असूनही स्वतःस आवरतां न येणाऱ्या मुलांचीं उदाहरणें आहेत. त्याचें विवेचन नैतिक संयमाच्या भाषेंत आहे, आणि आज तें कानांस खटकतें. पण मुलाचा हा दोष त्याच्या हट्टाचा नव्हे, हें त्यानें ओळखलें होतें. १९३७ सालीं अमेरिकेंतील र्‍होड आयलंड येथें चार्ल्स ब्रॅडली यानें आपल्या रुग्णालयांतील ३० मुलांस बेंझेड्रिन हें उत्तेजक औषध दिलें. त्यानें मुलें अधिकच उधळतील अशी कोणाचीही कल्पना झाली असती. उलट जवळजवळ निम्मीं मुलें शाळेच्या कामांत कधीं नव्हे इतकीं रमूं लागलीं.

नांवें मात्र पुष्कळ बदललीं. १९६८ सालीं एक, १९८० सालीं दुसरें, १९८७ सालीं तिसरें. शंकेखोर याच गोष्टीवर बोट ठेवतात: ज्याचें नांव ठरत नाहीं तो रोग कसला? पण कोखनें १८८२ सालीं जंतु शोधून काढीपर्यंत क्षयालाही देशोदेशीं नांवें थोडीं नव्हतीं, आणि त्या सर्व नांवांखालीं माणसें मरतच होतीं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असें दिसतें कीं, या लक्षणांच्या बाबतींत मुलामुलांत जो फरक असतो त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश भाग आनुवंशिक भेदांशीं निगडित आहे. छडीनें उंची वाढत नाहीं, तशी ही गोष्टही छडीनें सुधारत नाहीं. २००७ सालीं जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेलें प्रमाण शेंकडा ५ हून किंचित् अधिक होतें. अमेरिकेंत २०२२ सालीं ३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं ११.४ टक्के मुलांना केव्हां ना केव्हां हें निदान झाल्याचें पालकांनीं सांगितलें. दुसरा आकडा पाहून पहिला खोटा ठरत नाहीं.

आमच्याकडील विद्वानांची दुसरी शंका जरा वरच्या पातळीवरची असते. मन चंचलच आहे, ही तर अर्जुनाचीही तक्रार. मग मुलाचें काय विशेष? पण अर्जुनाची ती तक्रार मनुष्यमात्राच्या वतीनें होती. स्वतः अर्जुनाचें अवधान कसें होतें हें महाभारतांतच दुसऱ्या ठिकाणीं सांगितलें आहे. द्रोणाचार्यांनीं झाडावर कृत्रिम पक्षी बसवून शिष्यांस एकेक करून विचारलें, आणि ज्यांना झाड, भाऊ, गुरु असें सगळेंच दिसत होतें त्यांस बाजूला उभें केलें. त्यांतला पहिला युधिष्ठिर. ही कथा आपण मुलांना एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतों. आम्ही मात्र ती वाचतांना नेहमीं थबकतों. एका दिवसाची, एका नेमाची परीक्षा; तिच्यावरून धनुर्धर निवडतां येतो, पण रुग्ण निवडतां येत नाहीं. या विकाराच्या मुलांस तर पुष्कळदां पक्ष्याचा डोळाही दिसतो. आवडीच्या खेळांत किंवा चित्रांत तीं तासन् तास बुडून जातात, आणि मग आईबाप म्हणतात, ‘पाहा, मनांत आणलें म्हणजे जमतें!’ येथेंच त्यांची चूक होते. अवधान मुळींच नसणें हा या विकाराचा अर्थ नाहीं. अवधानाचे लगाम आपल्या हातीं नसणें, हा त्याचा अर्थ आहे.

येथवर आम्ही फिलिपविषयींच बोलत आलों, कारण सर्वच त्याच्याविषयीं बोलतात. परंतु त्याच पुस्तकांत, नंतरच्या आवृत्तींत भर पडलेलें, आणखी एक गीत आहे, आणि आमच्या मतें तें अधिक चांगलें आहे. हान्स नांवाचा मुलगा शाळेला निघाला आहे. त्याची नजर छपरांवर, ढगांवर, पाकोळ्यांवर. पायांखालीं काय आहे तिकडे मुळींच नाहीं. प्रथम तो एका कुत्र्यावर आदळतो. पुढें एके दिवशीं नदीच्या काठाशीं येतो आणि पाकोळ्यांकडे पाहत पाहत सरळ पाण्यांत पडतो. दोन माणसें काठ्यांनीं त्यास बाहेर काढतात. अंगावरून पाणी निथळत असतें, तीन मासे पाण्यांतून डोकीं काढून हसतात, आणि शाळेचें दप्तर प्रवाहाबरोबर दूर वाहून गेलेलें असतें.

हें गीत अधिक चांगलें अशासाठीं कीं, फिलिपच्या मनांत काय चाललें आहे हें होफमन आपणांस कधींच कळूं देत नाहीं, पण हान्स काय पाहतो तें मात्र दाखवितो. क्षणभर आपणही त्या पाकोळ्या पाहतों. हान्सनें कोणाचें सूप सांडलेलें नाहीं, कोणाच्या बोलण्यांत तो मध्येंच शिरलेला नाहीं; त्याच्या अनवधानानें नुकसान झालें असेल तर तें त्याचें एकट्याचें. म्हणूनच त्याची बोभाट होत नाहीं. फिलिपवर जितकें लिहिलें गेलें त्याच्या मानानें हान्सकडे अभ्यासकांचें लक्ष कमीच गेलें. आणि हीच गोष्ट वर्गांत घडते. जें मूल इतरांस त्रास देतें त्याची प्रश्नावली भरली जाते. जें मूल खिडकीशेजारीं बसून मुकाट्यानें बाहेर पाहतें त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘शांत, पण अधिक प्रयत्न हवा’ एवढा शेरा पडतो, आणि तोच शेरा दहा वर्षें पुनःपुन्हा पडत राहतो. अशा मुलांत मुलींचा भरणा विशेष. स्टिलनें १९०२ मध्यें ज्या २० मुलांचीं उदाहरणें विशेष करून दिलीं त्यांत १५ मुलगे व ५ मुली होत्या. त्या अंतराचा कांहीं भाग निसर्गाचा असेल. पण कांहीं भाग खचित पाहणाऱ्याच्या नजरेचा आहे, कारण मोठेपणीं स्वतःहून वैद्याकडे जाणाऱ्यांत स्त्रीपुरुषांमधील हें अंतर पुष्कळच कमी झालेलें दिसतें. १९८० च्या नव्या नांवानें अवधानास प्रथमस्थान दिलें व चंचलतेवांचूनही हा विकार असूं शकतो हें मान्य केलें. कागदावर हान्सला जागा मिळाली ती तेव्हां.

आपली मराठी भाषाही या बाबतींत निःपक्षपाती नाहीं. फिलिपसाठीं आपल्याजवळ शब्द आहेत ते खोडकर, द्वाड, अवखळ. पायाला भिंगरी असलेला. रागावतांना सुद्धां त्यांत कौतुकाची छटा राहते, आणि बाळकृष्णाच्या खोड्यांवर वाढलेल्या समाजांत ती राहावी हें स्वाभाविक आहे. आमचें बालवाङ्मयही याच पक्षाचें. ताम्हनकरांचा गोट्या घ्या किंवा भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे घ्या. पाय जमिनीवर न ठरणारा मुलगा आपल्याकडे नायक होतो, आणि व्हावाच. पण हान्ससाठीं शब्द कोणते? वेंधळा, गबाळा, धांदरट, बावळट, आणि शाळेंत तर सरळ ‘ढ’. यांत कौतुक नाहीं, कुतूहल नाहीं, निव्वळ निकाल आहे. आईच्या तोंडून हा शब्द रोज ऐकणारी मुलगी तो खराच मानूं लागते. आमच्या महाविद्यालयाच्या वर्गांत अशा मुली आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. उत्तरपत्रिकेंत विचार उत्तम, पण निम्मा प्रश्न वाचावयाचाच राहिलेला. निबंध लिहिलेला, पण देण्याचा दिवस विसरलेला. आणि विचारल्यास खालीं मान घालून एवढेंच म्हणणार कीं, ‘सर, मी पहिल्यापासून अशीच आहे.’ निदानाला लेबल म्हणून हिणविणाऱ्या पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, ‘बावळट’ हेंही लेबलच आहे, आणि तें चिकटविण्यापूर्वीं आपण कोणतीही तपासणी केलेली नसते.

महाराष्ट्रांतील घरांसाठीं त्या अमेरिकन ग्रंथांतील आणखी एक अट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. दिलेलें काम किंवा सूचना न समजल्यामुळेंच जर तें वर्तन होत असेल, तर तें या विकाराचें लक्षण समजूं नये असें तेथें म्हटलें आहे. आतां घरीं निव्वळ मराठी बोलणारें सहा वर्षांचें मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत बसवावें, आणि बाईंचें वाक्य संपण्याआधींच त्याचें लक्ष उडतें म्हणून तक्रार यावी, ही गोष्ट आज गांवोगांवीं घडते. जी भाषा उमगत नाहीं तिच्याकडे तासभर कान देऊन बसणें आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यास सुद्धां जमावयाचें नाहीं. असें मूल मराठींत गोष्ट सांगितली असतां कसें ऐकतें, आजीजवळ कसें बसतें, हें वैद्यानें विचारलें पाहिजे व पालकांनीं न विचारतां सांगितलें पाहिजे. तसेंच कानांत दोष, दृष्टीचा दोष, घशांतील गांठीमुळें रात्रभर उडालेली झोप, अंगांतील लोहाची उणीव, घरांतल्या भांडणाची धास्ती, हीं सारीं अनवधानाचा वेष घेऊन येतात. एक जातीचा अपस्मार तर असा आहे कीं, त्यांत मूल कांहीं सेकंद नुसतें शून्यांत पाहतें व पुन्हा पूर्ववत् होतें; बाईंना वाटतें, आकाशाकडे पाहत बसला. यांतलें एखादें कारण सांपडलें म्हणून विकार नाहींच असेंही नव्हे. दोन्ही एकत्र नांदूं शकतात.

तेव्हां एका कागदावरून हें काम व्हावयाचें नाहीं. ‘कधींच नाहीं’ पासून ‘फारच वारंवार’ पर्यंत चार रकाने आंखलेल्या ज्या प्रश्नावल्या शाळांतून व दवाखान्यांतून भरून घेतात, त्या उपयोगी आहेत, पण त्या म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका, पुस्तक नव्हे. घर एक सांगतें, शाळा दुसरें सांगते. हा विरोध दिसला कीं उतावीळ वैद्य एकास खोटें ठरवितो. जाणता वैद्य तेथेंच थांबून विचारतो कीं घरीं जें दिसतें तें शाळेंत कां दिसत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांतील मुलाचें निदान पंधरा मिनिटांत झालें, व त्याच बैठकींत औषधही लिहून मिळालें. निदान कदाचित् बरोबरही असेल. पण ज्या परीक्षकानें पंधरा मिनिटांत प्रबंध तपासला, त्यानें दिलेले गुण बरोबर असले तरी आम्ही त्यास चांगला परीक्षक म्हणणार नाहीं.

औषधाविषयीं थोडक्यांत. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१९ सालीं जे नियम घालून दिले, त्यांप्रमाणें सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत पहिला उपाय म्हणजे आईबापांस मुलाशीं वागण्याच्या रीतीचें शिक्षण, औषध नंतर. त्याहून मोठ्या मुलांत औषधाचा गुण पुष्कळांस स्पष्ट दिसतो. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या एका मोठ्या प्रयोगांत चौदा महिन्यांच्या अखेरीस, काळजीपूर्वक दिलेलें औषध हें केवळ वर्तनोपचारापेक्षां मूळ लक्षणांवर अधिक परिणामकारक ठरलें. पण त्याच मुलांस तीन वर्षांनीं पुन्हा पाहिलें तेव्हां गटागटांतला हा फरक राहिलेला नव्हता. दोन्ही पक्षांचे लोक या प्रयोगाचा अर्धाच भाग उद्धृत करतात. वाचकांनीं तो सबंध लक्षांत ठेवावा. वैद्याकडे जातांना मुलाबरोबर त्याच्या पहिलीपासूनच्या वह्या व प्रगतिपुस्तकें न्यावींत. बारा वर्षांपूर्वीं काय होतें याची साक्ष आईच्या आठवणीपेक्षां त्या अधिक प्रामाणिकपणें देतात.

होफमनचें पुस्तक मराठींत कोणी उतरवील तर आम्हांस आनंद होईल. चित्रें मूळचींच ठेवावींत, आणि अनुवादकानें फिलिपवर जितका जीव ओतावा तितकाच हान्सवर ओतावा. प्रस्तावनेंत रोगाचें नांव घालण्याचा मोह त्यानें आवरावा. तें ‘३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीं’ मात्र मुखपृष्ठावर ठळक टाइपांत छापावें.